डावखुरे घाव

तोडायच्या झाडावर कोयत्याने खुणेचे दोन तिरके घाव घालायचे, हे माझं काम. माझ्या जोडीला मेहुणा असायचा, बायकोचा थोरला भाऊ. तो डावखुरा, त्यामुळे त्याचे घाव उलटे झुकायचे.

"दाजी, हे झाड आतून पोकळ आहे. सोडा," तो म्हणाला होता. मला माझंच खरं करायचं होतं. मी घाव घातले आणि ते पाडायला मुद्दाम त्यालाच पाठवलं. झाड फिरलं आणि त्याच्याच अंगावर आलं.

त्याला जाऊन वर्ष झालं. परवा रानात पाच झाडांवर ताजे घाव दिसले, चीक अजून ओघळत होता. सगळे उलटे झुकलेले. काल तसेच घाव आमच्या कुंपणालगतच्या झाडावर होते.

"कुणीतरी मस्करी करतंय," मी बायकोला म्हणालो. तिने मुलीला अंगणातून आत बोलावलं.

आज सकाळी आंघोळीसाठी सदरा काढला, तर पाठ चुरचुरत होती. "बघ गं, काय चावलंय?"

तिने पाठीवर बोट फिरवलं. वरून खाली, तिरकं, दोनदा.

"दादाचाच हात," ती शांतपणे म्हणाली.

मग आमच्या मुलीला हाताला धरून ती बाजूला सरकली, झाड पडायच्या आधी आम्ही सरकतो तशी.