नऊ झाडांचा डाव
बहात्तरच्या दुष्काळात एका भावानं सोलापूरच्या गिरणीत कामाला जायचं आणि दुसऱ्यानं आईजवळ राहायचं, एवढं ठरलं होतं. कोण जाणार हे रामहरी आणि धाकट्या धोंडीरामनं लहानपणीच्या खेळावर सोडलं. डब्याचं झाकण फेकत टेकडीवरच्या नऊ झाडांना लावायचं. कमी फेकींत संपवेल तो गावात राहील. दिवसभर खडी फोडून दोघांचे हात भरून आले होते. झाकण बाभळींत अडकायचं, उतारावरून घरंगळायचं, मग पुन्हा खाली उतरून चढायचं. शेवटच्या निंबाला रामहरीचं झाकण एक फेक आधी लागलं. तो जिंकला होता, पण त्याला भावाकडं बघवेना. धोंडीराम धापा टाकत शेजारी बसला. “मी जाणारच व्हतो, दादा. सोमवारी हजर हो म्हणून गिरणीच्या मुकादमाचा सांगावा कालच आलाय.” “मग मला येवढं चढवलंस कशापायी?” धोंडीरामनं झाकणावरची माती पुसली. “जायच्या आधी खेळावं वाटलं तुझ्यासंगं.”