बत्तीसची कंबर

"बायकोचा ड्रेस आहे, मास्तर. चांगला दोन इंच सैल करा!" काउंटरला पोट टेकवून तो गृहस्थ अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. "नुसती सुटलीये. मी तर तोंडावर सांगितलं तिला. नवराबायकोत लपवाछपवी कशाला? आता मला बघा. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण कंबर बत्तीस ती बत्तीसच!" पुरावा म्हणून त्याने पँटच्या आतलं लेबलही उलटून दाखवलं.

शिंप्याने न बघताच मान डोलावली. ते लेबल त्यानेच तर शिवलं होतं. गेली सात वर्षं या महाशयांच्या प्रत्येक नव्या पँटचं खरं लेबल उसवून तो तिथे बत्तीसचं लावत होता, आणि पँट गुपचूप आणून देत होती ती हीच 'सुटलेली' बायको.

संध्याकाळी ती ड्रेस न्यायला आली. सोबत नवऱ्याची नवी पँट होती. शिंप्याने सवयीने बत्तीसच्या लेबलांचा डबा उघडला.



"डबा राहू द्या, मास्तर. फक्त उंची कमी करा," ती म्हणाली. "अडतीसचं लेबल आहे तिथेच असू दे. आमच्यात आता लपवाछपवी नाही."