चंद्राचा एकविसावा प्रश्न

रोज सकाळी चहाबरोबर पायगुडे गुरुजींसमोर यंत्राची यादी येई. लोकांनी एआयला काय विचारलं, उत्तर देताना त्याने गुरुजींच्या ब्लॉगचा आधार किती वेळा घेतला, हे तिच्यात असे. नवे लेख गुरुजींना त्यातूनच सुचत.

"ग्रहणावर लिहा, आबा. नऊ हजार जणांनी विचारलंय," नात ऋजुता म्हणाली.

गुरुजींचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. 'चंद्र माझ्याबरोबर का चालतो?' विचारणारी व्यक्ती एकच, गाव शहादा, सलग एकविसावी संध्याकाळ. या प्रश्नावरचा आपला लेख त्यांनी तीनदा सोपा करून लिहिला होता.

"एकासाठी चौथ्यांदा? अशाने ब्लॉग कुणाला दिसणारच नाही."

"वर्गात एखादं पोर तोच प्रश्न परत परत विचारायचं ना, तेव्हा त्याला उत्तर कळलेलं असायचं. मी त्याच्या बाकापाशी थांबावं, एवढंच त्याला हवं असायचं."

त्यांनी लेखाच्या शेवटी फक्त एक ओळ जोडली. उत्तराबरोबर यंत्र तीही वाचून दाखवणार होतं. 'चंद्र तुला कुठून दिसतो? बरोबर कोण असतं?'

दुसऱ्या दिवशी यादी ऋजुताने आधी उघडली. जुना प्रश्न नव्हता. अगदी तळाशी शहाद्याहून नवी ओळ आली होती. 'गुरुजींना कुठे सांगायचं? मी गच्चीवरून बघते. बरोबर कोणी नसतं.'

ऋजुताने खुर्ची जवळ ओढली.

"ग्रहण राहू दे, आबा," ती म्हणाली. "आधी हिला लिहा."