काढलेलं दार

आर्किटेक्चरच्या डिप्लोमाला असलेल्या भारतीने शिंगणापूरच्या आपल्या घराची समोरची बाजू कागदावर काढून सरांना दाखवली.

"याला दार कुठंय?" सरांनी विचारलं.

"आमच्या गावात घरांना दारं नसतात, सर."

"नापास व्हायचंय का?"

तिने तिथंच घाईघाईने शाईने बंद दार काढलं.

दुपारी ती घरी पोचली. चौकट नेहमीसारखी मोकळीच होती. आत चुलीजवळची गोणपाटं पेटली होती आणि आई खोकत बाहेर यायला धडपडत होती. भारती धावली आणि चौकटीतच तिचं कपाळ कशावर तरी आपटलं. हाताला लाकूड लागत होतं, दिसत काहीच नव्हतं.

आईने पलीकडून तळहात टेकले. "भारते, दार कुनी लावलं गं? उघड की."

भारती चाचपडत कडी शोधू लागली. कागदावरच्या दाराला तिने कडी काढलीच नव्हती.