पाखरं पाहायचा वर्ग

रेडिओवर पाखरांबद्दलचं भाषण ऐकलं आणि सौंसरच्या शालिकराम गुरुजींनी त्या हिवाळ्यात दर रविवारी पक्षी पाहायचा वर्ग काढला. माणसं हौसेनं यायची, पण सारी वावरात राबणारी. पाखरू दिसलं रे दिसलं, की केसरबाईच्या तोंडून "हाऽऽ होऽऽ" निघायचं आणि कवडूचा हात आपोआप ढेकळाकडे जायचा. गुरुजींनी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत आभाळ रिकामं!

आज मात्र गुरुजी कातावले. "अरे बाप्पा, आपण पाखरं पाहाले आलो का हाकलाले? आता जो वरडन, तो सरळ घरी जाईन!"

बांधावर सगळे चिडीचूप बसले. केसरबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. कवडूनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. आणि खरंच, पोपटांचा भलामोठा थवा आला, समोरच्या ज्वारीवर उतरला आणि कणसं कुरतडू लागला.

गुरुजी ताडकन उठले. "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ!" गळ्यातली दुर्बीण छातीवर आपटत ते टोपी फिरवत ज्वारीत धावले.

केसरबाईनं तोंडातला पदर काढला.

"खाली बसा ना गुरुजी, आमी पाहून राहिलो! वावर तुमचं हाये म्हणून काय झालं?"