तेविसावी वायर

खोटं सांगत असेन तर माझ्या घरची लाईट जावो. तशी ती रोज जातेच.

दोन हजार चार साली वसमतच्या कॉम्प्युटर क्लासात नाहिदनं तिथल्याच नोकरीच्या टेस्टसाठी एक प्रोग्राम लिहिला. सर्किटच्या चित्रातल्या प्रत्येक वायरीभोवती तो नेमकी मावेल एवढी चौकट आखायचा. टेस्टिंगसाठी तिनं क्लासच्याच वायरिंगचा, मी म्हणजे तिथल्या वायरमननं काढलेला नकाशा घेतला. बावीस चौकटी इमारतीत बसल्या. तेविसावी भिंत ओलांडून रस्त्यापलीकडं जायची. चार दिवस कोड खोडून-लिहून पोरगी पार कावली.

पाचव्या दिवशी मी पंखा दुरुस्त करायला गेलो, तर क्लासचे मालक ओमप्रकाश सर सगळ्या पोरांदेखत गरजून राहिले होते.

"वायर माझ्या क्लासची अन् चौकट रस्त्यावर? काहून? टेस्ट पास न्हाई तर नोकरी न्हाई, नाहिद!"

"कोड बराबर हाय, सर," ती रडवेली झाली. "या काकांनाच विचारा."

मी स्टुलावरूनच म्हणालो, "सर, समोरच्या खांबावर आकडा टाकायला तुमीच लावलं होतं की मला!"



सरांनी घाईघाईनं मॉनिटर बंद केला. "नाहिदबाई, सोमवारपासून कामावर या."