कापलेली जागा

फोन आला तेव्हा टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या आणि बंडूजींनी सवयीनं आवाज बंद केला होता. वर्ध्याच्या दवाखान्यातून मुलगा निकेश बोलत होता. "बाबा, आई गेली," एवढंच तो म्हणाला.

शेजारपाजारचे जमले. कोणी खुर्च्या सरकवल्या, कोणी सतरंजी टाकली. टीव्ही बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. दारातून आत येणारी एक बाई अचानक थांबली. पडद्यावर निकेशची आई, सुमित्राबाई होत्या. डोक्यावर पदर घेऊन काहीतरी सांगत होत्या. आवाज नव्हता. सून गुंजननं धावत जाऊन बटण दाबलं.

तेरवी होऊन पाहुणे गेले, तेव्हा बंडूजींनी पुन्हा टीव्ही लावला आणि जाहिरातीची वाट पाहत बसले. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

निवडणूक तोंडावर होती. जाहिरात सत्ताधारी पक्षाची होती, नुकतीच सुरू झालेली. एका पोरीचा गोड आवाज विचारत होता, "मावशी, सरकारच्या योजनेतून तुम्हाला काय मिळालं?" सुमित्राबाई हसत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मले त म्हातारपनी लय आधार भेटला." त्यानंतर हात जोडलेला नेता आणि निशाणी.

बंडूजींच्या घरात योजनेचं काहीही आलं नव्हतं. सुमित्राबाईंचा अर्ज दर वेळी कोणत्या ना कोणत्या कारणानं परत आला होता.

अल्लीपुरात त्यांच्या गल्लीतला पहिला टीव्ही बंडूजींचा. किराणा दुकान सांभाळून ते सगळं पाहत. बातम्या, मालिका, क्रिकेट, भाषणं. विश्वास कशावरच ठेवत नसत. "टीव्हीत जो हसून बोलते, थो काईतरी विकून राह्यला," असं ते बायकोला सांगत. मग तो साबणवाला असो की पुढारी. चित्र कुठं कापून जोडलं, ते त्यांना लगेच दिसे. "पाय, इथं कापलं," ते म्हणत. सुमित्राबाई भाजी निवडता निवडता म्हणत, "तुमाले त आरतीतही जोड दिसन."

अँटेना फिरवायला मात्र त्याच छतावर चढत. एरवी घरात, गल्लीत उघड्या डोक्यानं वावरणारी बाई, पण नवऱ्याचा विषय निघाला की पदर डोक्यावर जाई. खालून बायका विचारत, "वर काऊन चढली वो?" त्या छतावरही आधी पदर घेत आणि मग सांगत, "त्यायले बातम्या पाहाच्या हायेत."

आता तीच बाई टीव्हीत हसून बोलत होती. तिनं काय विकलं? पक्षवाल्यांनी तिला काय दिलं? आणि घरी येऊन तिनं एका शब्दानं सांगितलं का नाही?

बंडूजींनी तिची पेटी उघडली. तळाशी घडी न मोडलेलं एक लुगडं निघालं. त्यांनी ते सुनेसमोर धरलं.

"थे म्या आनलं होतं बाबा, माह्या बहिनीच्या, अपेक्षाच्या लग्नाले," गुंजन म्हणाली.

त्यांना तेही खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चौकात त्या पक्षाचं काम करणाऱ्या विवेककडे गेले. "माह्या बायकोले जाहिरातीतून काढ," ते म्हणाले.

"काकाजी, अख्खा जिल्हा पाहून राह्यला काकूले. नशीब लागते."

"तुह्या आईले दे थे नशीब."

विवेक म्हणाला, "वरून बनते जाहिरात. पन तुमी मले एक फोन करजा. नुसतं 'काढ' म्हना, काढाले लावतो. आज घरी जाऊन इचार करा."

विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी ते घरी आले आणि एकदा नीट पाहावं म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ बसले. जाहिरात लागली. सुमित्राबाई प्रश्न ऐकत होत्या तेव्हा डोकं उघडं होतं. उत्तर देताना डोक्यावर पदर होता. पदर घेताना हात कुठंच दिसला नाही.

"इथं कापलं," बंडूजी म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

चित्रात मागे ओट्यावर शेजारच्या प्रमिलाबाई दिसत होत्या. बंडूजी चप्पल घालून त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या.

"प्रमिलाबाई, थे कॅमेरेवाले आले होते, तवा तुमी तिथं होत्या. खरं सांगा. तिनं काय घेतलं त्यायच्याकडून?"

"च्या पाजला तिनंच त्यायले. घेते काय?" प्रमिलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "त्या पोरीनं इचारलं, योजनेतून काय भेटलं. सुमित्रा म्हने, कागद मांगते अन् वापस पाठवते, काई नाई भेटलं."

"मंग थे आधाराचं?"

"थे मंगचं. पोरगी म्हने, मंग मावशी, म्हातारपनी आधार कोनाचा?"

"मंग?"

"मंग काय, भाऊजी. तिनं डोक्यावर पदर घेतला."

बंडूजी मागं फिरले. प्रमिलाबाईंनी सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला घेतलं.

घरी येऊन त्यांनी टीव्ही लावला. जाहिराती सुरू झाल्या. अंगठा सवयीनं रिमोटच्या बटणावर गेला आणि बटण न दाबता तिथंच राहिला. सुमित्राबाई आल्या, बोलल्या, गेल्या. मग नेत्यानं हात जोडले.

जाहिरात खोटी आहे. ती बंद व्हायला पाहिजे, हे बंडूजींना आजही पटतं. त्यातलं एक वाक्य मात्र त्यांना घरात कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

विवेकला फोन करायचा अजून राहिला आहे.